मागची काळजी आणि एक जपानी शब्द

जपानी शिकायला लागलेल्या मराठी माणसाला काही शब्द अगदी फुकटात पाठ होतात. 'उशिरो' हा त्यातलाच. उशिरो म्हणजे मागे, पाठीमागे. ज्याला उशीर होतो तो मागे राहतो, अशी खूणगाठ आमच्या वर्गात सगळ्यांनी बांधली होती. या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण परीक्षेच्या आदल्या रात्री नातं कोण बघतो! याच उशिरोपासून झालेला एक लांबलचक शब्द पुढच्या पायरीवर भेटला, 'उशिरोमेताई'. तो मात्र फुकटात मिळाला नाही. त्याचा अर्थ नीट उमगायला मला काही वर्षं लागली, आणि उमगल्यावर आमच्या घरात काही गोष्टी बदलल्या. म्हणून त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

आधी थोडी ओळख. मी मूळची बेळगावची. बी.ई. झाल्यावर नोकरीसाठी पुण्याला आले आणि गेली अकरा वर्षं इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जपानी ग्राहकांची कामं करते. जपानी शिकले ती त्यासाठीच. या भाषेच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात, एन-५ सगळ्यात सोपी आणि एन-१ सगळ्यात अवघड. मधल्या पायऱ्यांवर मनाच्या अवस्था सांगणारे शब्द येऊ लागतात आणि तिथे शब्दकोश तोकडा पडतो. कोशात उशिरोमेताईचा अर्थ असतो, 'अपराधी वाटणं, मन खाणं'. आम्हाला शिकवणाऱ्या सेन्सेई पुण्याच्याच. त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला आणि म्हणाल्या, "अपराधी म्हटलं की तुम्ही लगेच अपराध शोधायला लागाल. इथे बऱ्याचदा तो सापडणारच नाही."

शब्दाची फोड केली तर उशिरो म्हणजे मागे, मे म्हणजे डोळे आणि इताई म्हणजे दुखणं. मागे लागलेली नजर दुखते आहे, असं काहीतरी. दुसऱ्या एका मतानुसार मधला 'मे' म्हणजे डोळे नव्हेत, तर 'बाजू' या अर्थाच्या एका जुन्या शब्दाचं ते बदललेलं रूप आहे. म्हणजे 'मागची बाजू दुखते'. कुठलंही मत धरा, दुखणं पाठीमागेच आहे. आपण मराठीत म्हणतो मन खातं, टोचणी लागते, आत काहीतरी सलतं. आपलं दुखणं छातीत, त्यांचं पाठीमागे. माणसाचे डोळे पुढे असतात, मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही तेच दुखत राहतं.

या शब्दाला शेजारी पुष्कळ आहेत. 'यामाशिई' हा त्यातला जास्त कडक. आजारी पडणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो झालाय. खोटं बोलणारा, पैसे खाणारा माणूस यामाशिई. 'उशिरोगुराई' म्हणजे पाठीमागे अंधार असलेला, काहीतरी लपवून ठेवलेला. 'की गा तोगामेरु' म्हणजे आपलंच मन आपल्याला बोल लावतं. 'र्योशिन नो काशाकु' हा पुस्तकी शब्द, सदसद्विवेकबुद्धीची बोचणी. त्यातला 'र्योशिन' चिनी तत्त्वज्ञ मेन्सियसच्या ग्रंथातून आलेला आणि 'काशाकु' बौद्ध ग्रंथांतून. शिवाय 'झाइआकुकान' आहे, पापाची भावना. शब्द इतका जड, पण हल्ली कमी साखरेच्या मिठाईच्या पाकिटावर 'झाइआकुकान नाही' असं छापलेलं दिसतं. वजनाची चिंता करणाऱ्यांची ही पापमुक्ती बघून मला पहिल्यांदा हसूच फुटलं होतं.

उशिरोमेताई या सगळ्यांच्या मधे कुठेतरी बसतो. चोरी केलेल्या माणसालाही तसं वाटू शकतं. पण ज्याने काहीच वावगं केलेलं नाही त्यालाही वाटतं, आणि ऑफिसात मला तो भेटला तो याच दुसऱ्या रूपात.

जपानी ऑफिसात संध्याकाळी इतरांच्या आधी निघताना म्हणायचं एक ठरलेलं वाक्य आहे, "ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु." शब्दशः सांगायचं तर, तुमच्या आधी जाण्याचा उद्धटपणा करते. काम संपलेलं आहे, वेळ भरलेली आहे, तरी निघणारी व्यक्ती उद्धटपणाबद्दल बोलते. मागे राहिलेले उत्तर देतात, "ओत्सुकारेसामा देशिता", दमलात हो. ही रोजची देवाणघेवाण इतकी सवयीची असते की बोलणाऱ्याच्या मनात प्रत्येक वेळी काही असेलच असं नाही. पण वाक्य घडलं ते त्या भावनेतून. मी जाते आहे, तुम्ही अजून बसलेले आहात, आणि माझी पाठ तुमच्याकडे आहे.

रजेचंही तसंच. आपली रजा म्हणजे आपलं काम दुसऱ्यावर, या विचारानं हक्काची भरपगारी रजा न घेणारे लोक जपानमध्ये इतके होते की शेवटी कायदा करावा लागला. एप्रिल २०१९ पासून ज्याला वर्षाला १० किंवा जास्त दिवसांची भरपगारी रजा मिळते, त्याला त्यातले निदान ५ दिवस घ्यायला लावणं ही कंपनीची जबाबदारी झाली. नाहीतर कंपनीला दर कर्मचाऱ्यामागे ३ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडे रजा मंजूर करून घेताना घाम फुटतो, तिथे रजा घ्यावी म्हणून सरकार मागे लागतं. आणि रजेवरून परत येताना प्रवासाच्या गावची मिठाई आणायची, 'ओमियागे'. एकेक तुकडा वेगळ्या वेष्टनात, म्हणजे प्रत्येकाच्या टेबलावर ठेवता येतो. मी बेळगावहून जाताना कुंदा न्यायचे. त्याला वेगळी वेष्टनं नसतात, त्यामुळे चमच्यानं वाढत फिरावं लागायचं. पण कुंदा खाऊन त्यांचे चेहरे जे खुलायचे, त्यापुढे ते काम काहीच नव्हतं.

जपानी माणसाच्या अपराधी भावनेबद्दल बाहेरच्यांनी बरंच लिहिलं आहे. त्यातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांचं, १९४६ सालचं. त्या कधी जपानला गेल्या नव्हत्या. युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या जपानी लोकांशी बोलून आणि कागदपत्रं वाचून त्यांनी ते लिहिलं. जपानची संस्कृती लाजेवर चालते आणि पश्चिमेची अपराधभावनेवर, अशी मांडणी त्यातून लोकप्रिय झाली. म्हणजे जपानी माणसाला चार लोक काय म्हणतील याची भीती, आतून टोचणी फारशी नाही. पुढे ताकेओ दोई या जपानी मनोविकारतज्ज्ञांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात यावर बरेच प्रश्न उभे केले. 'सुमानाई' या शब्दाकडे त्यांनी लक्ष वेधलं. आपण ज्याला 'सॉरी' समजतो त्या 'सुमिमासेन'चंच हे साधं रूप. त्याचा मूळ अर्थ 'संपलेलं नाही', 'फिटलेलं नाही'. म्हणूनच जपानी माणूस चूक झाल्यावर सुमिमासेन म्हणतो आणि कुणी चहा आणून दिला तरी सुमिमासेनच म्हणतो. तुम्ही माझ्यासाठी उठलात, ते माझ्याकडून फिटलेलं नाही.

मला एवढ्या मोठ्या वादात पडायचं नाही. पण उशिरोमेताई कुणी बघत नसतानाच जास्त छळतो, हे तो शब्द वापरणारा कुणीही सांगेल. त्याला चार लोक लागत नाहीत. एकटा माणूस आणि त्याच्या पाठीमागे राहिलेलं कुणीतरी, एवढं पुरतं.

आता जी गोष्ट कळल्यावर हा शब्द माझ्यासाठी बदलला ती सांगते.

हजार वर्षांपूर्वीच्या जपानीत हा शब्द 'उशिरोमेताशी' असा होता आणि त्याचा मुख्य अर्थ अपराधी वाटणं हा नव्हताच. अर्थ होता, काळजी वाटणं. आपल्या नजरेआड असलेल्याचं काय होईल याची काळजी. मुरासाकी शिकिबु या दरबारातल्या बाईंनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'गेंजीची कथा' लिहिली. तिच्या पाचव्या प्रकरणात डोंगरातल्या एका घरात एक आजारी आजी आहे, संन्यास घेतलेली. तिच्याजवळ आई नसलेली नात आहे, दहाएक वर्षांची, अजून अल्लड. पाळलेली चिमणी कुणीतरी सोडून दिली म्हणून डोळे लाल करून आलेली. आजीला दिसतंय की आपले दिवस फार उरलेले नाहीत, आणि ही पोर अजून चिमणीसाठी रडते आहे. आपल्यामागे हिचं कसं होणार? या काळजीसाठी तिथे जो शब्द येतो तो हाच, उशिरोमेताशी. आजीनं कुणाचंही काही वाईट केलेलं नाही.

या शब्दाला त्या काळी एक जोडीदारही होता, 'उशिरोयासुशी'. यासुशी म्हणजे शांत, निर्धास्त. ज्याची मागची बाजू निर्धास्त आहे तो उशिरोयासुशी. मूल भरवशाच्या माणसाकडे सोपवलं, घर जबाबदार हातात दिलं, की वाटतं ते. कालांतरानं उशिरोमेताशीचा अर्थ काळजीकडून अपराधी भावनेकडे सरकला. काळजी करणारा आणि अपराधी वाटणारा, दोघांचीही नजर मागेच लागलेली असते, त्यामुळे हे सरकणं समजण्यासारखं आहे. पण जोडीदार शब्द मात्र रोजच्या बोलण्यातून गेला. आजच्या जपानी माणसाकडे पाठ दुखण्यासाठी शब्द आहे, पाठ निवांत असण्यासाठी तो जुना शब्द राहिलेला नाही.

हे वाचलं तेव्हा मला एकदम आपलं मराठी आठवलं. आपल्याकडे तर दोन्ही आहेत! कुणी परगावी निघालं, नोकरीला, शिकायला, सासरी, बाळंतपणाला, की दारातून सांगतात, "मागची काळजी करू नकोस." मागची काळजी म्हणजे नेमकी मुरासाकीबाईंची उशिरोमेताशी, आणि 'करू नकोस, आम्ही आहोत' म्हणजे उशिरोयासुशी. पाठराखण, पाठीशी उभं राहणं, पाठचा भाऊ, मागचं बघणारं कोणीतरी, असे किती शब्द आपण पाठीच्या बाजूला ठेवून दिलेत. आपण ते वापरतो पण त्यांच्याकडे बघत नाही. म्हणजे तेही पाठीमागेच राहिलेत म्हणा ना.

इथे एक फरक सांगायला हवा. खरा अपराध असतो तेव्हा उशिरोमेताईला मागची काळजी म्हणून सोडून देता येत नाही. नात्सुमे सोसेकी यांची १९१४ सालची 'कोकोरो' ही कादंबरी जपानमध्ये शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. तिच्यातल्या माणसाचा मित्र एका मुलीवरचं आपलं प्रेम त्याच्यापाशी बोलून दाखवतो, आणि हा मित्राला न सांगता त्याच मुलीसाठी तिच्या आईकडे मागणी घालतो. मित्र जीव देतो. हा लग्न करतो, दर महिन्याला मित्राच्या थडग्याला जातो, आणि बायकोला कधीही खरं सांगत नाही. अशा दुखण्याला कबुली लागते. ती दिली नाही म्हणून त्याचं आयुष्य नासतं. पण आपल्यातल्या बहुतेकांचं दुखणं या जातीचं नसतं. आपण त्याला औषध मात्र या जातीचं देत राहतो, म्हणजे माफी मागत राहतो.

माफीनं न जाणाऱ्या अपराधी भावनेचा सर्वांत कठीण प्रसंग जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर घडतो, पुन्हा पुन्हा. सानरिकु नावाच्या या किनाऱ्यावर १८९६ मध्ये त्सुनामी आली आणि सुमारे २२,००० माणसं गेली. १९३३ मध्ये पुन्हा आली, सुमारे ३,००० गेली. या मोठ्या आकड्यांमागे एक घरगुती कारण वारंवार दिसलं. मुलगा म्हाताऱ्या आईला आणायला मागे फिरला, आई मुलांना शोधायला घरी परतली, आणि दोघंही गेले. यातून त्या भागात एक शिकवण रुजली, तिथल्या बोलीत 'तेन्देन्को', ज्यानं त्यानं आपापलं. भूकंप झाला की कुणाची वाट बघू नका, कुणाला शोधू नका, सरळ उंच जागी पळा. हा शब्द देशभर पोचवला तो त्सुनामीचे अभ्यासक फुमिओ यामाशिता यांनी, १९९० पासून. १९३३ च्या त्या रात्री ते लहान मुलगा होते आणि कुणाचाही हात न धरता, अनवाणी, बर्फातून एकटेच वर पळाले होते.

ऐकायला हे निष्ठुर वाटतं. आईला मागे टाकून पळा म्हणणारी शिकवण! पण ती जराशी उलटून बघा. मी आईला न शोधता पळू शकते ते कधी? आई माझी वाट न बघता पळाली असणार, याची मला खात्री असेल तेव्हा. आणि आई कधी पळेल? मी थांबणार नाही, याची तिला खात्री असेल तेव्हा. म्हणजे संकट येण्याच्या आधी, जेवणाच्या ताटावर बसून, दोघींनी हे बोलून ठेवलेलं असलं पाहिजे. कामाइशी नावाच्या गावात तोशिताका कातादा या प्राध्यापकांनी ११ मार्च २०११ च्या काही वर्षं आधीपासून शाळांमध्ये हेच शिकवलं. मुलांना ते विचारायचे, तू पळालास तर तुझी आई काय करेल? मुलं म्हणायची, मला शोधायला शाळेत येईल. मग ते सांगायचे, आज घरी जाऊन आईला सांग, मी नक्की पळेन, तेव्हा तूही पळ. तिला विश्वास बसेपर्यंत सांग.

११ मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. कामाइशीत हजारावर माणसं गेली, पण प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतली जवळजवळ ३,००० मुलं वाचली. जी पाच गेली ती त्या वेळी शाळेच्या देखरेखीखाली नव्हती. एका ठिकाणी मोठ्या वर्गातली मुलं पळताना बघून शेजारच्या शाळेतली लहान मुलंही बाहेर पडली आणि मोठ्यांनी त्यांचे हात धरले. ज्यानं त्यानं आपापलं म्हणणाऱ्या शिकवणीत हात धरणंही बसतं, हे मला फार आवडलं.

तेन्देन्कोचा अभ्यास करणाऱ्यांनी तिचा आणखी एक उपयोग दाखवून दिला आहे. जो वाचतो त्याच्यासाठी ती असते. ज्याची आई गेली, त्याला आयुष्यभर वाटत राहतं की मी मागे फिरलो असतो तर. त्याला सांगता येतं, तुमच्या घरात आधीच ठरलं होतं. तू पळावंस हीच तिचीही इच्छा होती. त्यानं दुःख जात नाही. पण दुःखाला चिकटलेली अपराधाची भावना थोडी सैल होते.

त्सुनामीसमोर माझं घरगुती उदाहरण फार लहान आहे, पण हा शब्द मला जिथे कळला ते सांगायला हवं. मी सहा महिन्यांसाठी नागोयाला होते तेव्हा बेळगावात आई परसात पाय घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. शेजारच्या काकांनी गाडी काढली, आतेभाऊ खानापूरहून आला, प्लास्टर झालं. मला कळलं पाचव्या दिवशी, आणि तेही फोनवर मागून कुणीतरी "हात वर ठेवा काकू" म्हणालं म्हणून. बाबा म्हणाले, "तुला सांगून तिथनं तू काय करणार होतीस? उगंच जिवाला घोर." त्यांचं चूक नव्हतं. माझंही काही चुकलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. तरी त्या रात्री जे वाटलं त्याला मराठीत मला शब्द सापडेना. काहीच न करता अपराधी. तेव्हा फळ्यावरचा तो शब्द आठवला.

पण खरा त्रास पुढे सुरू झाला. आई "सगळं बरं आहे" म्हणाली की माझा विश्वास बसेना. फोनमधून मी मागचे आवाज ऐकायला लागले. भारतापेक्षा जपान साडेतीन तास पुढे. इथे रात्रीचे साडेअकरा वाजले की तिथे आठ, आईचा जेवणाचा वेळ, म्हणून जागून फोन करायचा आणि तिच्या आवाजात काही वेगळं वाटतंय का ते शोधत बसायचं. आई-वडील काळजी नको म्हणून लपवतात, आणि त्या लपवण्यामुळेच मुलांची पाठ कधीच निर्धास्त होत नाही. उलट बाजूनंही तेच. आपण "मी मजेत आहे" म्हणतो, आणि नोकरी गेलेली असते, ताप आलेला असतो. दोन्हीकडचे एकमेकांना जपतात आणि दोन्हीकडे उशिरोमेताई वाढत जातो.

परत आल्यावर सणाला बेळगावला गेले तेव्हा मी तेन्देन्कोची गोष्ट जेवताना सांगितली. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे करार करायचा म्हणतेस." तसा तो झाला. दवाखान्याची पायरी चढावी लागली तर त्याच दिवशी कळवायचं. त्याच्या बदल्यात मी ऐकल्या ऐकल्या गाडीत बसणार नाही, आधी विचारणार, "येऊ काय?" आणि त्यांनी खरं उत्तर द्यायचं, 'ये' किंवा 'नको'. 'नको' म्हणाले तर ते खरं मानायचं. रात्री-अपरात्री पहिला फोन मला नाही, शेजारच्या काकांना. मी साडेतीनशे किलोमीटरवर, ते भिंतीपलीकडे. किल्ली त्यांच्याकडे. औषधांची नावं, विम्याचा कागद आणि डॉक्टरांचा नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. आणि मीही माझ्याकडचं खरं सांगायचं. आईची एकच अट होती, "सांग म्हणतीस, मग ऐकून रडायचं नाही."

करार पाळला जातो. मागच्या वर्षी बाबांना एक रात्र दवाखान्यात ठेवलं, मला तासाभरात कळलं. "येऊ काय?" म्हटलं. "नको, उद्या सोडतील," म्हणाले. मी झोपले. खरंच झोपले, आणि सकाळी उठल्यावर झोपल्याबद्दलही काही वाटलं नाही. दोन महिन्यांनी साध्या पडशाच्या वेळी आई म्हणाली, "ये." मी गेले. कारण पडसं नव्हतं हे तिथे पोचल्यावर कळलं. तिला नुसतं कुणीतरी हवं होतं. पूर्वी ती हे कधी बोलली नसती.

उशिरोमेताई यामुळे संपतो असं मी म्हणणार नाही. घर सोडून गेलेल्या माणसाची पाठ थोडी दुखणारच, आणि अजिबात दुखेनाशी झाली तर तेही काही बरं लक्षण नव्हे. पण दुखतंय ते काय आहे, एवढं तरी बघता येतं. कुणाचं वाईट केलंय का? केलं असेल तर जाऊन सांगायचं. नसेल तर बहुधा ती मागची काळजी असते, आणि मागच्या काळजीवर माफी, महागडी साडी किंवा मोठ्या टीव्हीचा उपयोग होत नाही. तिच्यावर किल्ली कुणाकडे आहे हे ठरवण्याचा उपयोग होतो.

आपल्या मंडळातल्या घरांतून किती मुलं पुण्याला, बंगळूरला, आणखी लांब गेलेली आहेत ते तुम्ही जाणताच. हे वाचणाऱ्यांत काही जण गेलेले असतील, काही जण मागे राहिलेले. दोघांनाही एकच सुचवते. येत्या रविवारच्या फोनवर "बरं आहे ना?" याच्यापुढे जाऊन एक प्रश्न विचारा, "काही झालं तर पहिला फोन कुणाला करायचा?" पहिल्यांदा जरा अवघडायला होतं. मग यादी आपोआप तयार होते.

आमच्या आईला हा शब्द काही केल्या म्हणता येत नाही. तिच्या मते ती कोणीतरी ताई आहे. माझा फोन ठरल्यापेक्षा उशिरा गेला की ती बाबांना हाक मारून सांगते, "आली बघा, उशिराची ताई!" आणि मग आम्ही दोघी बोलायला लागतो.